चार बाराची गाडी

प्रिय चिझुरू,

आपल्या घाटातली बंद पडलेली रेल्वे आम्ही पाच जणांनी क्लबात टेबलावर छोट्या मॉडेलच्या रूपात पुन्हा उभी केलीय. गाड्या जुन्या वेळापत्रकाप्रमाणे अगदी सेकंदावर सुटतात. फक्त चार बाराची एक मिनिट रेंगाळते.

"इनुझुकासान, ही गाडी तुमच्याच हाताखाली कशी हो पेंगते?" क्लबातले निशिवाकीसान दर रविवारी डाफरतात. मी वायरिंगवर ढकलतो.

हे पत्र पेटीत पडणार नाही, म्हणून खरं सांगतो. वायरिंग ठणठणीत आहे. तू चार बाराच्या गाडीने टोकियोला निघालीस त्या दिवशी मी एकच मिनिट उशिरा पोचलो होतो, म्हणून तेवढं मिनिटभर बटण दाबत नाही.

पुढच्या रविवारपासून गाड्या कॉम्प्युटर चालवणार. सगळे खूश आहेत. चार बाराची वेळेवर सुटेल आणि तू पुन्हा जाशील.

अजून स्टेशनच्या जिन्यातच असलेला,
शिगेओ