आईचे गुडघे

अल कुसैस, दुबई

तीर्थरूप आईस, सुजीतचा इथूनच वाकून नमस्कार.

हे पत्र मिळेल तोवर धाकट्या कुशलबरोबर युरोप फिरून तू घरी पोचली असशील. आम्ही सगळे मजेत आहोत.

कुशलने शेवटच्या दिवसाचे, प्रागचे फोटो पाठवले. किल्ल्याच्या सगळ्या पायऱ्या तू कुणाचा हात न धरता चढलीस म्हणे. छान झालं. मी दुबईला बोलावलं की मात्र तुझे गुडघे धरतात. इथे टॅक्सी दारात येते, बिल्डिंगला लिफ्ट आहे. तुझी थोरली सून वैभवी म्हणते, थंड हवेत गुडघ्यांना आराम पडत असेल. तिलाही हल्ली कुशलचंच कौतुक आहे.

शुभ्रा फोटो बघून म्हणाली, "आजी लुक्स सो हॅपी."

गुडघ्यांना तेल लावतेस ना? संपलं असेल तर कळव.

आणखी एक. फोटोत तुझ्या पायात पांढरे बूट दिसले. दुबईत फिरायला म्हणून ते मीच इथल्या देरा बाजारातून घेऊन पाठवले होते. साडीवर बूट शोभत नाहीत म्हणून तू ते कपाटात ठेवले होतेस. टूरमधल्या बायकांना वाटलं असेल, कुशलनेच घेऊन दिले. तेवढं त्यांना फोन करून सांग.

तुझा थोरला,
सुजीत