एक बोट मोठे

जव्हार,
ता. २० नोव्हेंबर १९२८, मंगळवार

प्रिय येसू,

आज सकाळी नाचणी दळली. आईला पेज दिली. मग शेठच्या लाकडाच्या वखारीत जाऊन फटफटी पाहून आले. दुपारी आई जरा आडवी झाली, तेव्हा हे पत्र लिहायला बसले आहे.

तुझे पत्र रविवारी मिळाले. आईला वाचून दाखवले. गॅरेजात पाना निसटून अंगठ्याची साल निघाली असे तू लिहिले आहेस, तेवढे मात्र मी गाळले. जखम सुकली का? तेव्हाच धुतली होतीस का, की तेलकट चिंधी गुंडाळून तसाच काम करत राहिलास? जेवताना तोंड पूर्ण उघडते ना? मान आखडल्यासारखी वाटत नाही ना? तुला हसू येईल, पण उलट टपाली एवढे तरी कळव. बाकीचे मागाहून लिहिलेस तरी चालेल.

इकडे पाऊस कधीच संपला. रस्ता वाळला आणि मोखाड्याकडून लाकडाच्या गाड्या येऊ लागल्या. फटफटी पावसाळाभर वखारीतल्या पत्र्याखाली गोणपाट घालून उभी होती. परवा शेठचे दिवाणजी दारात आले आणि तू कधी येतोस म्हणून विचारू लागले. मोखाड्याच्या जंगलात चिठ्ठ्या आणि निरोप पोचवायला त्यांना माणूस हवा आहे, आणि यंत्र समजणारा माणूस आपल्या बाजूला दुसरा कोण आहे? मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "येईल की. थोरला चालवत होता, आता धाकटा चालवील." तिचा चेहरा खुलला होता. इतक्या महिन्यांनी तिला घरात कोणीतरी येणार असे वाटले. मी आत जाऊन उगाच भांडी घासत बसले. तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. शेजारच्या शिंप्याचे मशीन सुरू झाले तरी फटफटी आली असे वाटून मी दारात येऊन उभी राहते. शिंपी आता माझ्याकडे बघून मशीन थांबवतो. मग मलाच लाज वाटते.

म्हणून आज वखारीत गेले. तुझ्या दादांचे हातमोजे पदराखाली घेऊन गेले होते. फागी लाकडे रचत होती. मी गोणपाट काढून हातमोजे चढवले तशी ती ओरडली, "काय गं तुळशी, मोखाड्याच्या बाजाराला निघाली काय? मला मागं बसव, माझ्या कोंबड्या इकायच्यात." वखारीचा राखणदार लाडक्या म्हणाला, "भोंगा वाजव आधी, शेठ पळंल." सगळे हसले. मग मोजे कोणाचे ते कोणाच्या तरी लक्षात आले असावे, सगळे आपापल्या कामाला लागले.

मी नुसते हँडल धरून पाहिले. उजवीकडे त्या दोन बारीक दांड्या आहेत ना, एक तेलाची आणि एक हवेची, त्या दादांनी मला मागे दाखवल्या होत्या. उतारावर त्या बोटाच्या टोकाने केसभर इकडे तिकडे कराव्या लागतात आणि त्याच हाताने ब्रेकही दाबावा लागतो. हातमोजे घालून मला दांडी कुठली आणि कातड्याची घडी कुठली ते कळेना. बोटांची टोके रिकामी लोंबत होती, ती दांडीखाली अडकत होती. काढल्यावर सगळे हाताला लागले. माझा हात लहान आहे हे खरे, पण दादांचे बोट त्या मोज्यात कुठपर्यंत जायचे हे मला ठाऊक आहे. फागी जवळ येऊन हळूच म्हणाली, "ठेव ते बाजूला. बदकाच्या पायात जोडा घातल्यावानी दिसतंय." मला हसू आले. शिमग्यानंतर पहिल्यांदाच आले असेल.

आता नीट वाच. मुंबईत चांगली दुकाने तुला माहीत आहेत. हातमोजे घेशील ते बकऱ्याच्या कातड्याचे घे. म्हशीचे कातडे वहाणेला ठीक, हाताला नको. ते कधी वळत नाही. मोजा हातात गेल्यावर बोटाच्या टोकाशी मोकळी जागा राहता कामा नये, आणि मूठ वळताना कातडे अंगठ्याच्या मुळाशी ताणले जाताही कामा नये. शिवण आतून टोचत असेल तर तो जोड ठेवून दे. आज थोडे टोचले तर उद्या फोड येतो, आणि फोड आला की माणूस मोजा काढतो. तळहाताला मनगटाजवळ जी उशी असते ना, तिथे दुहेरी कातडे हवेच. पडताना माणूस तिथेच टेकतो. मनगटावर पट्टा हवा. नसेल तर मोजा घसटताना उलटा होऊन निघून जातो. हात घामाने भिजतात, म्हणून आत लोकरीचे अस्तर नको. आपल्याकडची थंडी तेवढी नसते. दुकानात मोजे घालून एक काडी पेटवून बघ. काडी चिमटीत धरता आली तर दांडीही धरता येईल. मग तसेच घालून बस, एक विडी ओढून होईपर्यंत. दुकानदार हसला तर हसू दे. आणि हे सगळे दोन्ही हातांना करून बघ. दुकानात माणसे एकच हात घालून बघतात.

मला हे कोणी शिकवले म्हणशील. कोणी नाही. पावसाळाभर पेटीतून काढून ते हातमोजे बघत होते, एवढेच.

गेल्या वर्षीच्या दिवाळीला तू ते आणलेस तो दिवस मला आठवतो. त्याआधीच्या खेपेला तू मुंबईला परत निघताना दादांनी मोज्यांचे सांगितले होते, आणि आई दारातून ओरडली होती, "येक बोट मोठं घे रं पोरा, पावसात समदं आटतं." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आपल्याकडे बंडी घ्या, घोंगडी घ्या, एक बोट मोठीच घेतात. चार महिने भिजायचे आणि चुलीवरच्या माचावर वाळायचे, मग ते आपोआप मापात येते. आईचे काही चुकले नाही. तिने सगळ्या जन्मात जे कापड पाहिले त्यावरून ती बोलली. तू दादांपेक्षा लहान, तुझ्या हातावर माप घेतलेस आणि वर एक बोट वाढवून आणलेस. दादांनी ते घालून अख्ख्या आळीत फेरी मारली. आई म्हणाली, "फौजदार दिसतो." मोजे माचावर वाळवले, पण ते आटले नाहीत. नुसते कडक झाले.

दादा तुला पत्रात लिहायचे की मोजे फार उपयोगी पडतात. तेही खोटे नव्हते. सपाट रस्त्यावर ते घालायचे. उतार आला की थांबायचे, काढायचे, हँडलला अडकवायचे आणि उघड्या हाताने खाली उतरायचे. उतार संपला की परत घालायचे. मला हे त्यांनीच हसत सांगितले होते. तुला सांगू नको म्हणाले, येसूला वाईट वाटेल.

शिमगा झाल्यावर मोखाड्याच्या अलीकडच्या उतारावर दादा पडले. लाकडाच्या गाड्यांनी चाकोऱ्या खोल झाल्या होत्या, पुढचे चाक त्यात घसरले. ते हातावर पडले. तू आलास तेव्हा तुला एवढेच सांगितले गेले की पडले, मग ताप आला आणि गेले. मधले कोणी बोलले नाही. ते फटफटी स्वतः चालवत घरी आले होते. तळहात सोलले होते, खडी आणि गाडीवाटेचे शेण आत गेले होते. मी सुईने खडे काढले, आईने गरम पाण्याने धुऊन हळद लावली. दवाखान्यातून पट्टी बांधून आणली. हँडलला अडकवलेले मोजे त्यांनी खुंटीवर ठेवले. त्यांवर एक ओरखडा नव्हता.

हात बांधलेले, म्हणून मी भरवत होते. आई चिडवायची, "नवरीवानी भरवून घेतो बघ, मेला." ते मुद्दाम आणखी मोठा आ करायचे. आठवडा झाला असेल. जखमा वर वर भरत आल्या होत्या. एका सकाळी मी घास पुढे केला आणि तो आत जाईना. मला वाटले चेष्टा करतात. मी म्हटले, उघडा की तोंड. ते माझ्याकडे बघत राहिले. दातांतूनच म्हणाले, उघडत नाही. डॉक्टरांनी पाहिले आणि धनुर्वात म्हणाले. पुढचे मी लिहीत नाही.

बाराव्याला रिवाजाप्रमाणे गेलेल्याच्या वस्तू पाठच्या भावाला दिल्या. तू मुंडासे घेतलेस, कोयता घेतलास, घोंगडी घेतलीस. हातमोज्यांकडे पाहिलेसुद्धा नाहीस. त्या दिवशी तू जेवलाही नाहीस. मोज्यांचे काहीतरी आहे हे कोणी न सांगताच तुला कळले असावे. आई म्हणाली, ठेवून दे, तो येईल तेव्हा घेईल. आणि आता तुझ्या पत्रात शेवटी ती ओळ आहे. "दादाचे हातमोजे काढून ठेव, मी तेच घालीन, दुसरे घेणार नाही." ती ओळ मी आईला दोनदा वाचून दाखवली, कारण तिने पुन्हा वाच म्हटले. तिला रडू आले. म्हणाली, भावाचे भाऊ घालतो, बरे झाले. तू ते का घालणार आहेस ते मला कळते, येसू. ते तिला कळलेले नाही, आणि मी कळू देणार नाही. तू मोजे चुकीचे आणलेस म्हणून दादा गेले नाहीत. माप आपण सगळ्यांनी मिळून सांगितले होते. पण ते दादांना अर्धे बोट मोठे होते, तुला पुरे एक होतील. तू ते उतारावर काढणार नाहीस. दांडी हाताला लागली नाही तरी हट्टाने घालून बसशील, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. म्हणून वखारीतून आल्यावर मी ते चुलीला दिले. जाळले नाहीत. गरम भांडी उतरवायला घेतले. आत्ताच त्यांना काजळी लागली आहे, पेज सांडली आहे. चुलीशी वापरलेली वस्तू वारशात कोणी देत नाही, हे आईलाही मान्य करावे लागेल. ती दोन दिवस बोलणार नाही. ते मी सोसेन. तू तुझ्या हाताचे मोजे घेऊन ये. तसे मिळाले नाहीत तर येऊ नकोस. दिवाणजींना मी सांगेन, आईलाही मीच सांगेन. अंगठ्याचे लिहायला विसरू नकोस. आई अजून उठलेली नाही, आणि संध्याकाळची पेज उतू जायला आली आहे. मोजा जाड आहे, भांड्याचा कान हाताला लागत नाही, पण भाजतही नाही. तो घालून भांडे खाली उतरवते.

तुझीच,
तुळशीवहिनी