छताचा पंखा

आई, पाया पडतो.

मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. तुझे गुडघे काय म्हणतात?

कोर्टाने लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलायला दर रविवारी अर्धा तास ठरवून दिलाय. तुझी सून, मी अजून तसंच म्हणतो, एकदाही चुकवत नाही. पण पोरगी फोन पलंगावर उताणा ठेवून खेळत बसते आणि मी त्यांच्या छताचा पंखा बघत राहतो. वाटायचं, कंटाळली मला.

काल न राहवून विचारलं. तर म्हणाली, "बाबा, तू पंखे दुरुस्त करतोस ना? आमचा डुगडुगतो, म्हणून दाखवते. मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही त्याला."

आधी पलंग पंख्याखालून बाजूला सरकवायला लावला. सुट्टीतल्या भेटीला अजून दोन महिने आहेत, पण पाना आत्ताच बॅगेत टाकलाय.

तुझा,
पंखेवाला