मागच्या गेटवरचे काका

अहो,

भाकरी डब्यात आहेत, शेंगाची चटणी वरच्या फळीवर. बाळ आईंजवळ आत्ताच झोपलंय, दार आपटू नका. मी सृष्टीच्या शाळेत चाललेय.

तिच्या त्या नव्या ॲपवर कुणीतरी विचारलंय, शाळा सुटल्यावर कुठल्या गेटनं येतेस? तिनं सांगून टाकलंय, मागच्या. पालकांची परवानगी मागितली तेव्हा जेवता जेवता तुम्हीच 'होय' दाबलंत की! वर कौतुक, ह्याला कंपनी नाही, मालक नाही, जो तो आपापला सर्व्हर चालवतो. मग आता तक्रार कुणाकडं करू? सर्व्हर हौसेनं चालवणाऱ्या पोरानं त्या माणसाचं खातं बंद केलं, तर तो दुसऱ्या सर्व्हरवरून परत हजर. "तिकडं माझं काही चालत नाही, ताई," पोरगा म्हणाला. सरकारनं पोरांच्या ॲपसाठी एवढे नियम केलेत, ते लावायचे कुणाला?

टॅबवरचे मेसेज पुसू नका, सायबर पोलिसांना दाखवायचेत.

आणि पोरीवर ओरडू नका. तिनं त्यालाही 'काका' म्हटलंय, विचारलेल्याचं नीट उत्तर दिलंय, आपण शिकवलं तसंच. आता ते तिच्या डोक्यातनं काढायचं कसं, तेवढं आम्ही येईपर्यंत ठरवून ठेवा. मला सुचत नाही.

श्रीदेवी