कावळ्याला कबूल केलेलं एमबीए

संपतच्या वडिलांस,

प्रिय वगैरे लिहीत नाही. जिवंतपणी कधी म्हटलं नाही, आता कशाला लाडात यायचं? पत्र लिहायचं कारण एवढंच, की तुम्ही गेल्यापासून घरात जो तो तुमच्याच नावाने बोलतोय. ‘तात्यांची इच्छा होती’, ‘तात्या असते तर असं झालं नसतं’. म्हटलं, मधल्या माणसांचं कशाला ऐका, थेट तुमच्याशीच बोलावं. चौथीपर्यंतच्या शाळेवर जेवढं जमतंय तेवढं लिहिते. उद्या सकाळी एजंट कागद घेऊन येतोय आणि त्याला माझी सही पाहिजे.

कसली सही? चिखलीतल्या आपल्या भाड्याने दिलेल्या खोल्या विकायच्यात. का, तर सायलीला एमबीए करायचं. कुणी ठरवलं? तुम्ही! म्हणजे तुमच्या दहाव्याच्या कावळ्याने.

ऐका काय झालं ते. घाटावर प्रवचन झालं, मग पुढाऱ्यांची भाषणं. एकाने माईक धरून सांगितलं, “तात्यांचे आणि माझे घरोब्याचे संबंध.” कधी होते हो? मला तर त्याचं तोंडही आठवेना. तोवर उन्हं वर आली. पिंड ठेवला, आणि कावळे शेडच्या पत्र्यावर बसून नुसते बघतायत. एक खाली येईना.

भावकीने सुरू केलं. “म्हातारीला सांभाळू, तात्या!” कावळा हलला नाही. बरं झालं, मला तरी कुठे कुणाचं सांभाळणं पाहिजे होतं? “बांधाचं भांडण मिटवू, तात्या!” नाही. मग तुमचे चुलतभाऊ म्हणाले, “नातीच्या शिक्षणात जीव होता त्यांचा.” झालं. आपला संपत पुढे झाला, हात जोडले, रडत मोठ्याने म्हणाला, “तात्या, सायलीला एमबीए करतो! खोल्या विकीन, पण मोठ्या कॉलेजात घालीन!” असं म्हणून मागे सरकला आणि कावळा आला. चोच मारली आणि भाताचं ढेकूळ घेऊन गेला. सगळी भावकी डोळे पुसत माझ्याकडे बघायला लागली.

अहो, माणसं मागे सरकली म्हणून आला तो! तोवर सगळे पिंडावर वाकूनच उभे होते. पण हे कुणाला सांगायचं? आणि खरं सांगा, एमबीए म्हणजे काय हे तुम्हाला तरी ठाऊक होतं का? मरायच्या आदल्या दिवशी तुम्ही भजी मागितली होती. एमबीए नाही.

राग येतो तुमचा. कारण पहिल्या खेपेला हेच केलं होतंत तुम्ही. सायली बारावी झाली तेव्हा कॉलेज बघायला म्हणून फेटा बांधून गेलात. परत येऊन काय सांगितलंत? “आपल्या चुलत्याच्या वावरातच बांधलंय. हरभरा कसा यायचा तिथं, आठवतंय का? आपल्याच मातीत शिकंल पोर.” पाया किती खोल, बोअरला पाणी किती, गेट केवढं, हे सगळं बघून आलात. तिथे शिकवतं कोण, हे विचारलंत? जमीन बघावी तसं कॉलेज बघितलंत! आणि ओढ्याकडचा तुकडा विकून पोरीला त्यात घातलंत. मी तेव्हा म्हणाले होते, तर म्हणालात, “तुला काय कळतंय.” मला नव्हतंच कळत. पण तुम्हाला तरी कुठे कळत होतं?

पोर पास झाली तेव्हा चौकात फ्लेक्स लागला. तिचा फोटो लहान, तुमचा मोठा आणि गावातल्या सगळ्या पोरांचे गोल गोल फोटो खाली. पारावर बसून तुम्ही सांगत होतात, नात चाकणच्या कंपनीत इंजिनेर आहे. 

आता सांगायला हरकत नाही. इंजिनेर नव्हती ती. ठेकेदाराने तिला तोंडावर सांगितलं, “इंजिनिअर नको आम्हाला, टिकत नाहीत. बारावीवाली असशील तर उद्यापासून ये.” ही म्हणाली, बारावीवाली आहे. टेबलाशी उभी राहून सुटे भाग तपासते. शिफ्ट संपून आली की पायाला गरम पाण्याची पिशवी लावते. ज्या पदवीसाठी जमीन गेली ती लपवली तेव्हा कुठे पोरीला पगार लागला! हे फक्त मला ठाऊक होतं. तुम्हाला सांगितलं नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही. पारावरचं तेवढं एक सुख होतं तुम्हाला.

दहाव्यानंतर हे मी संपतला सांगितलं. वाटलं, शुद्धीवर येईल. तर उलटाच!

“म्हणूनच तर, आई! नुसत्या बीईला कोण विचारतंय? गल्लीगल्लीत बीई पडलेत. वर आणखी एक पाहिजे.”

“पहिलं उगवलं न्हाई, तर त्याच वावरात आणखी महाग बी टाकायचं व्हय रे?”

“तुला कळत न्हाई. स्थळवालेबी विचारत्यात.”

“मग स्थळवाल्यांना म्हणावं, भरा फी.”

मग म्हणाला, “मी जन्म कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर काढला, आई. माझ्या पोरीच्या वयाची साहेबं. त्यांना साहेब साहेब म्हणून जीभ झिजली माझी. तिला कुणीतरी मॅडम म्हणावं, एवढंच हाय माझं.”

कळतं मला त्याचं. पोटचा पोर आहे. पण खोल्या गेल्या तर खायचं काय? भाड्यावरच चूल पेटते आपली. आणि एमबीए होऊन पोरगी पुन्हा बारावीवाली म्हणून उभी राहिली, तर पुढच्या खेपेला विकायला काय, मी?

ज्या पोरीसाठी एवढं चाललंय, तिला विचारलं का कुणी? तुमच्या लेकाने नाही, भावकीने नाही, कावळ्याने तर नाहीच. शेवटी मी विचारलं. भाकऱ्या थापत होते, ती समोर बसलेली.

“तुला पायजे का गं ते एमबीए?”

“आज्जी, तात्यांची शेवटची इच्छा...”

“तात्या गेलं. तू जित्ती हायेस. तुला काय पायजे ते बोल.”

आधी रडली. मग म्हणाली, “मला डाय डिझाइन शिकायचंय. पत्रा ज्या साच्यात दाबतात ना, तो साचा काढायचा. शिफ्ट सांभाळून होतं. माझ्या पगारात बसतं. पण पप्पा म्हणतात, ती काय डिग्री आहे का.”

“म्हंजे कालेजात काय शिकवलंच न्हाई तुला?”

“असं नाही गं. मशीन होतं, पण त्याच्यावर प्लास्टिक घालून ठेवलेलं, हात लावू द्यायचे नाहीत. शिकवायला मागच्याच वर्षी पास झालेली पोरं. पण एक सर होते, त्यांनी मशीनच्या भागांचं ड्रॉइंग शिकवलं. ते होते म्हणून मला आज कसलंही ड्रॉइंग वाचता येतं.”

आता हे ऐकून हसू की रडू? एका मास्तराचं शिकवणं मिळालं आणि आपण पैसे दिले अख्ख्या बिल्डिंगचे! पोर तरी खोटं बोलली नाही. सगळंच वाया गेलं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. शिक्षणच वाईट, असं म्हणून मोकळी झाले असते. पण तसं नाही ना. त्या एका सरांपायी ती साच्याचं स्वप्न बघतेय. तेव्हा शिकवायचंच नाही, असं मी म्हणत नाही. काय शिकायचं आणि कुणाकडे, हे न बघता जमीन विकायची, याची चीड आहे मला.

तुम्ही असतात तर आपण भांडलो असतो. मी जिंकले असते की नाही माहीत नाही, पण भांडायला माणूस समोर पाहिजे की नाही? हे बरं आहे तुमचं, सगळं माझ्या गळ्यात टाकून फोटोत जाऊन बसलात!

तर ऐका. उद्या एजंटाला चहा देईन आणि त्याच्यासमोरच संपतला सांगेन, सही होणार नाही. कावळ्याला दिलेला शब्द मोडल्याचं पाप माझ्या माथी. तुम्हाला राग आला तर माझ्यावर काढा, पोरांवर नाही. आणि पोरीचं शिक्षण थांबणार नाही, हा माझा तुम्हाला शब्द. पण या खेपेला जागा बघायला मी जाणार. गेट बघणार नाही. शिकवणाऱ्या माणसाला समोर बसवीन आणि म्हणेन, पत्र्याचा साचा कसा काढतात ते मला सांगा. ही चौथी शिकलेली बाई आहे असं समजून नीट, न चिडता सांगितलं आणि मला ते कळलं, तरच माझी नात त्याच्या वर्गात बसेल.

सही फक्त याच कागदावर,
हौसाबाई