बावड्याची पट्टी

बारामती, ३ नोव्हेंबर १९३७
जतहून पोचायला तीन दिवस लागले, पण नोकरी झकास हाय. डॉक्टरसाहेबांनी काळजाचं यंत्र आणलंय. चालताना ज्याच्या छातीत कळ येते त्याला मी दोन लाकडी पायऱ्या चढवतो-उतरवतो. कळ आली की निजवून हातापायांना मिठाच्या पाण्याची फडकी गुंडाळतो. मग त्याचं काळीज कागदाच्या पट्टीवर रेघ काढतं. पट्टी फोटूवानी धुऊन दोरीवर वाळत घालायची, तेही माझंच. सैपाकीण गोजरबाई म्हणाली, लोकं चढून दमायची अन् पगार तू खायचा, मजा हाय बाबा!

१२ नोव्हेंबर
मी चौथी नापास, पण रेघ वाचाय शिकलो. बसल्या जागी पुष्कळांची चांगलीच दिसते. पायऱ्या चढल्यावर दोन टोकांमधला सपाट भाग खाली बसला, तर दुखणं खरं. त्या माणसाला मोट, नांगर, ओझं सगळं बंद.

१९ नोव्हेंबर
बावड्याची सिंधुबाई नवऱ्याला घेऊन आली. त्याला धाप लागलेली, बोलवंना. पट्टीवर लिहायला मी तिला नाव विचारलं, तर पदरात तोंड लपवून हसली. नवऱ्याचं नाव कशी घेणार? म्हणाली, लिवा की बावड्याचं म्हणून. लिहिलं. मागनं गेणबा आला, तोही बावड्याचाच. घाईत त्याच्या पट्टीवरही 'बावडा'च लिहिलं.
संध्याकाळी साहेबांनी गेणबाला अंथरूण धरायला सांगितलं. सिंधुबाईच्या मालकाला म्हणाले, खुशाल मोट हाणा. जाताना तिनं मला दोन पेरू दिले.

२० नोव्हेंबर
झोपून उठलो अन् ध्यानात आलं. गेणबा तर पायऱ्या उड्या मारत चढला होता. बसलेली रेघ त्याची कशी असंल? दोन्हीवर 'बावडा'च, पट्ट्यांची अदलाबदल माझ्यामुळंच झाली. साहेबांना सांगितलं तर नोकरी जाईल. उद्या सांगतो.

२२ नोव्हेंबर
उद्या नक्की.

२४ नोव्हेंबर
गेणबा आला. म्हणाला, मला झोपवलंत अन् भीमा मोटंवर पडला की. जागच्या जागी गेला.
त्याचं नाव भीमा होतं. आज कळलं.

२६ नोव्हेंबर
शेळगावच्या प्रयागबाईची पट्टी धुतली. रेघ भीमाची. मी ओळखतो ती. साहेबांना दाखवली तर म्हणाले, रेघ छान हाय, काय झालंय तिला?

२७ नोव्हेंबर
चार माणसं. चारी पट्ट्यांवर तोच. भर दुपारी पायऱ्या वाजतात. चढ, उतर. वर कुणी न्हाई.

२९ नोव्हेंबर
पायऱ्या फोडून चुलीत घातल्या. साहेब ओरडले. तरी वाजतात— दमून, थांबून—

१ डिसेंबर
सिंधुबाई आलीय. बाहेर बसलीय. म्हणते, घरात त्यांचा फोटू न्हाई, तेवढी पट्टी द्या, देवापाशी ठेवीन.
कुठली देऊ?
आज सांगणार. एवढं लिहून उठतो. दारातनं दिसतेय ती. माझ्या पाठीमागं— चढ. उतर. चढ—
तिलाही ऐकू गेलं. भ्याली न्हाई. उठून उभी राहिली. घरधनी आल्यावर बाया घेतात तसा डोईवर पदर घेतला, अन् माझ्या खांद्यावरनं बघत म्हणाली, दमलासा जनू, बसा की. आता माझ्या शेजारची खुर्ची—