खूण नसलेली ओळ

१८ फेब्रुवारी, दुपार

प्रिय धाकटे,

तू, भावजी आणि मुलगी खुशाल असाल असं धरून चालते. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. ह्यांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा हेच जास्त कुरकुरतात.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. पण फोनवर तू 'बरं आहे ना ताई' म्हणतेस, मी 'बरं आहे' म्हणते, आणि मग दोघी फोन ठेवायची वाट बघतो. वाचनालयातल्या नोकरीला तू नाही म्हणालीस असं कळलं. त्याबद्दल लिहायचंय, पण आधी ऑफिसची बातमी.

आपल्या वकीलसाहेबांनी अखेर हात टेकले. त्यांची भाची, म्हणजे आमची नवी मॅडम, आता त्यांच्या जोडीने वकिली करते. तिने हट्टच धरला की डायऱ्या, वह्या, फायलींना टोचलेल्या चिठ्ठ्या, सगळं बंद. पक्षकाराचं नाव टाकलं की त्याचे कागद, कोर्टाच्या तारखा, शेवटचं बोलणं कधी झालं, सारं पडद्यावर दिसलं पाहिजे. तसली सॉफ्टवेअर विकणारी तीन माणसं येऊन आपापला माल दाखवून गेली. आणि निवडायचं कोणी, तर मी. साहेब म्हणाले, दिवसभर त्याच्यासमोर तुम्ही बसणार, तेव्हा कोणाबरोबर नांदायचं ते तुम्हीच ठरवा.

पहिलं देखणं होतं. फिकट निळा पडदा, महिने हळूच सरकत जायचे, तारखा पांढऱ्या चौकोनांत निवांत बसलेल्या. तो माणूस समजावून सांगत होता आणि मी त्या निळ्यात कधी शिरले, कळलंच नाही. तू असतीस तर टेबलाखालून पाय मारला असतास. दुसऱ्याला सगळं येत होतं, पण साध्या कामाला ते सात प्रश्न विचारायचं. उलटतपासणी घ्यायला मी आहे, यंत्र कशाला, असं म्हणून साहेबांनी ते मोडीत काढलं. तिसरं दिसायला यथातथाच, पण पक्कं. मुदत संपायच्या महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी आठवण करून देणार. शिवाय कुठली नोंद कोणी केली, कोणी बदलली, कोणाकडून राहून गेली, हे त्यात कायमचं राहतं. कोणालाही पुसता येत नाही.

मी पहिलं निवडलं. मॅडमने कारण विचारलं, तर म्हटलं, रंग डोळ्यांना बरा वाटतो. ती हसून म्हणाली, रंग तिसऱ्यातही बदलता येतो, पुन्हा एकदा विचार करून सांगा.

आठवडा झाला, सगळं माझ्यापाशी अडलंय. दुपारी जेवण झालं की खुर्चीतच डोळा लागतो आणि मी त्या निळ्या महिन्यातून चालत असते. एकेक तारीख म्हणजे एकेक खोली. दारं उघडी, आत ऊन पडलेलं, कुठे कोणाचा आवाज नाही. चालून दमायलाही होत नाही. एका खोलीत तू असतेस, पेन उघडून बसलेली. मी पुढचं वाचीन म्हणून माझ्याकडे बघत असतेस. मी वाचत नाही. मग चहाचे कप वाजतात आणि जाग येते.

बाकी विशेष काही नाही. तब्येतीला जप.


१९ फेब्रुवारी

काल पाकीट बंद केलं होतं, आज पुन्हा फोडलं. जे लिहायला बसले होते ते सोडून गावभरचं लिहिलं मी.

परवा भावजींचा ह्यांना फोन आला होता. म्हणाले, वाचनालयवाल्यांनी घरी येऊन विचारलं, तरी तू नाही म्हणालीस. नोंदींचं काम आहे, माझ्या हातून चुकतं, असं म्हणालीस. मुलीच्या शाळेचा साधा फॉर्म भरलास तरी भावजींना दोनदा तपासायला लावतेस. हे ऐकून ह्यांना वाईट वाटलं. मी भांडी आवरायच्या निमित्ताने उठून गेले.

सात वर्षांपूर्वीचा डिसेंबर आठव. जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर पुढच्या वर्षाच्या तारखा साठायच्या, कारण नवी डायरी नेहमी उशिरा यायची. ती आली की आपण दोघी खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचो. तुझं अक्षर मोत्यासारखं, माझं म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून मी जुनीतून वाचायचं आणि तू नवीत लिहायचं. ओळ वाचून झाली की मी तिच्याशेजारी पेन्सिलीने खूण करायचे.

त्यातली त्या शिंप्याच्या खटल्याची तारीख नवीत आलीच नाही. अपिलाची मुदत टळली आणि त्याचं दुकान गेलं. तारीख जुन्या डायरीत होती, नवीत नव्हती, आणि नवीतलं अक्षर तुझं. एवढ्यावर सगळं ठरलं. साहेबांनी बोलावलं तेव्हा मी तुझ्याशेजारीच उभी होते. तू म्हणालीस, "ताईंनी वाचलं असणारच. माझंच लक्ष कुठेतरी गेलं."

धाकटे, मी ती ओळ वाचलीच नव्हती.

समोरच्या गच्चीवर एक बाई पांढऱ्या चादरी वाळत घालत होती. वारा होता. एक चादर सुटून कठड्याला अडकली आणि फुगत राहिली, तिने ती सोडवून घेईपर्यंत मी तिकडेच होते. किती छान वाटत होतं ते अजून आठवतं, हेच वाईट आहे. पानावर परत आले तेव्हा बोट एक ओळ खाली ठेवलं आणि पुढे वाचत गेले.

हे मला आत्ता कळलं असंही नाही. शिंपी रडून गेला त्याच संध्याकाळी मी जुनी डायरी उघडून पाहिली. सगळ्या ओळींना खूण होती, त्या एकीला नव्हती. मी डायरी मिटली आणि कपाटात अगदी तळाशी ठेवली. ह्यांचं काम सुटलेलं होतं, माझ्या एकटीच्या पगारावर घर चाललं होतं, असं मी स्वतःला सात वर्षं सांगत आले. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मला लाज वाटली. तू वाट मोकळी करून दिलीस आणि मी त्या वाटेने निघून गेले. तुझी नोकरी गेली, मग तुम्ही घरही बदललंत, गावही बदललंत, आणि मी तुम्हाला पोचवायला स्टेशनवर आले होते.

जुन्या पक्षकारांची माहिती नव्यात भरायची म्हणून सोमवारी मॅडमने सगळ्या डायऱ्या बाहेर काढायला लावल्या. ती डायरी माझ्यासमोर आली तेव्हा ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. तेवढी एक खूण केली की काम भागत होतं. पेन्सिल कागदाला टेकवली, मग उचलली. खोटं कशाला बोलू, बराच वेळ टेकवून ठेवली होती.

आज सकाळी डायरी साहेबांपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. राजीनामाही ठेवला. त्यांनी पानावर बोट फिरवत खूण नसलेली ओळ शोधली. मग म्हणाले, "जाऊबाईंना सांगितलंत?"

नाही म्हटलं.

"मग माझ्याकडे आधी कशाला आलात?"

म्हणूनच आज पाकीट पुन्हा फोडलं. राजीनाम्याचं काय करायचं ते ठरवतील. उद्या साहेब आणि मी शिंप्याकडे जाणार आहोत. काय बोलायचं ते मला माहीत नाही, पण मीच बोलणार आहे. सॉफ्टवेअर तिसरं घ्या, असं मॅडमला लिहून दिलं. या वेळी तिने कारण विचारलं नाही.

घरी आल्यावर एक काम केलं. साहेबांना विचारून दोन्ही डायऱ्या आणल्या होत्या, त्या शेजारी ठेवल्या आणि ओळीला ओळ लावली. जुनीत एकशे तेरा तारखा आहेत. मी वाचल्या एकशे बारा. तू लिहिल्यास एकशे बारा. नाव, दिवस, वेळ, कोर्टाची खोली, कशात एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी दोनदा पाहिलं, मग ह्यांना सगळं सांगून त्यांच्याकडूनही तपासून घेतलं. ते अजून माझ्याशी नीट बोललेले नाहीत. सात वर्षं तू ज्या हाताला घाबरत आलीस, त्या हाताकडून त्या दिवशी काहीसुद्धा सुटलं नव्हतं. तुझं लक्ष कुठेही गेलं नव्हतं. गेलं होतं ते माझं.

सगळ्या पानांच्या प्रती सोबत ठेवल्या आहेत. भावजींना दाखव. मुलगी कळती झाली की तिलाही दाखव, तिच्या आईचं अक्षर आहे ते.

माफी पत्रातून मागण्याइतकी स्वस्त नाही, हे मला कळतं. तू ये म्हणालीस तर समोर येऊन मागीन. नाही म्हणालीस तर तेही माझ्या वाट्याचंच.

थोरली म्हणून सही करायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच

तुझी जाऊ